पाणी तापेपर्यंत

मिशनवर जाऊ या का, असं नवऱ्याने मला विचारलं तेव्हा मी बोंबील साफ करत होते. मी म्हटलं, "जाऊ." त्याची अपेक्षा होती की मी निदान हातातली सुरी तरी खाली ठेवीन. तो दारातच उभा राहून म्हणाला, "नीट ऐकलंस ना? डोंगरात जायचंय. तीन वर्षं." मी म्हटलं, ऐकलं, आता बाजूला हो, उजेड अडवतोयस.

मिशनवर जाणाऱ्यांना देवाची हाक ऐकू येते म्हणतात. कोणाला चर्चमध्ये मिस्साच्या वेळी, कोणाला आजारपणात. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, सासूबाई जाऊन दोन. मुलगा लग्न करून नायगावला टॉवरमध्ये राहायला गेला होता, चौदाव्या मजल्यावर, तिथून खाडी छान दिसते असं तो दर फोनला सांगायचा. मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. दाताचा डॉक्टर सुई देतो आणि मग दोन तास गाल आपला राहत नाही, तसं. नवऱ्याने जन्मभर पाचूबंदरलाच राहू म्हटलं असतं, तरी मी ‘राहू’ म्हणाले असते.

तो पाचूबंदरचाच. घरात सगळे होडीवर जाणारे, हा एकटा दूरध्वनी खात्यात चिकटला आणि आयुष्यभर खांबांवर चढला. मी शेजारच्या, केळी-भाजी पिकवणाऱ्या वाडीवाल्यांच्या गावची, प्राथमिक शिक्षिका. आमची ओळख चर्चच्या गायकवर्गात झाली. तिथे सगळे एकमेकांना अरे-तुरे करायचे, ते लग्नानंतरही तसंच राहिलं. सासूबाईंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही. "नवऱ्याला कोन तू म्हनतं का?" असं त्या मला तेहेतीस वर्षं विचारत राहिल्या आणि मी तेहेतीस वर्षं उत्तर दिलं नाही.

निवृत्त झाल्यापासून नवरा महिन्यातून एकदा धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्याच चर्चच्या लोकांबरोबर डहाणूच्या पलीकडच्या डोंगरात जायचा. तिथे मिशनचं एक वसतिगृह आहे, चाळीस मुलंमुली, सगळी आसपासच्या पाड्यांतली. हा जाऊन पंप दुरुस्त करायचा, वायरिंग बघायचा, मुलांना सायकलची चेन बसवायला शिकवायचा आणि परत आला की दोन दिवस खुशीत असायचा. वसतिगृह सांभाळणारं जोडपं थकलं होतं. तिथल्या फादरांनी याला विचारलं, याने मला विचारलं, आणि मी हो म्हटलं. आमच्या मिशनच्या वाटेची सुरुवात एवढीच आहे.

मुलाला सांगितलं तर तो संतापला. "तुमचं वय काय, आई? बातम्या बघता ना? तिकडे लोक काय म्हणतील, धर्मांतर करायला आले म्हणतील." मी म्हटलं, आम्ही भात शिजवायला आणि पाढे घ्यायला चाललोय. तो म्हणाला, "तू आणि चाळीस पोरं?" आणि मग त्याने जीभ चावली. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. लहानपणी एकदा तो म्हणाला होता, आई, तू माझा हात बाईंसारखा धरतेस. बाईंचाच हात होता तो, माझ्याकडे दुसरा नव्हता. त्याचे डबे, अभ्यास, ताप, इंजेक्शनं, कुठे म्हणून कमी पडू दिलं नाही. पण त्याला उगीचच मांडीवर घेऊन बसले आहे असं मला आठवत नाही, आणि त्यालाही आठवत नसणार.

त्याच्याआधी आम्हाला एक मुलगी झाली होती. त्या गोष्टीला आता एकतीस वर्षं झाली. सातव्या महिन्यात मला झटके आले, गावातल्या प्रसूतिगृहात नेलं, आणि नंतरचे दोन दिवस मला माहीतच नाहीत. शुद्धीवर आले तेव्हा पोर होऊन, जाऊन, पुरूनही झाली होती. तिला मला कोणी दाखवलं नव्हतं, दाखवायला मी शुद्धीतच नव्हते. सासूबाई उशाशी बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "बापानं पानी लावलंन, नाव दिलंन. आता रडू नको." मी रडले नाही. तेव्हा जे नाही रडले, ते नाहीच.

आमच्यात हे सगळ्यांना माहीत असतं. बाळ जगेल असं दिसत नसेल आणि फादर जवळ नसतील, तर कोणीही त्याच्या डोक्यावर पाणी ओतून, चार शब्द म्हणून बाप्तिस्मा देऊ शकतं. शब्द सोपे आहेत आणि पाणी कुठलंही चालतं. त्या काळी गावात बाप्तिस्मा न झालेल्या बाळांना कबरस्तानाच्या कडेला, भिंतीलगत, नावाविना पुरायचे. आमची मुलगी तिथे नाही. ती आत आहे, आजोबांच्या शेजारी, दगडावर नाव कोरून. मृतांच्या दिवशी नोव्हेंबरात मी तिथे मेणबत्ती लावते आणि नाव वाचते. गेल्या काही वर्षांत माझी प्रार्थना आटत गेली, रोझरी म्हणताना मनात वाणसामानाची यादी यायची, पण ती एक गोष्ट पक्की होती. मुलगी नाव घेऊन गेली. बाकी सगळ्यावर मी फक्त मान डोलवत होते, पण यावर माझा विश्वास होता.

रविवारी मिस्सानंतर मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग असतात. मी तिथे वर्षानुवर्षं शिकवलं, पलीकडच्या वर्गात नवरा शिकवायचा. बाप्तिस्म्याचा धडा आला की उदाहरण घरचंच द्यायचे. "पलीकडच्या वर्गातले सर आहेत ना, त्यांनी स्वतःच्या बाळाला बाप्तिस्मा दिला. घाबरले नाहीत." मुलं माना वळवून पलीकडे बघायची. मध्ये नुसती प्लायवूडची भिंत होती, आवाज सगळा जायचा. त्याने मला एकदाही म्हटलं नाही, की हे उदाहरण देऊ नकोस.

मिशनवर जाण्याआधी चार महिने तयारी असते. दर शनिवारी आम्ही स्कूटरवरून सिस्टरांच्या आश्रमात जायचो, केळीच्या वाडीतली बैठी इमारत. शिकवायला एक वयस्कर सिस्टर आणि एक तरुण फादर. आमच्याबरोबर आणखी एक जोडपं होतं, तुळिंजचं, तो शाळेची बस चालवायचा, ती परिचारिका होती. दोघं चाळिशीतली आणि प्रत्येक गोष्टीला हसायची. सिस्टर सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या, "तुम्ही तिथे कोणाच्या डोक्यावर पाणी ओतायला जात नाही आहात. मुलांच्या डोक्यातल्या उवा काढायला जाताय." तुळिंजवाली इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

शेवटच्या महिन्यात त्यांची एक पद्धत आहे. नवरा-बायकोने आपापली जीवनकथा लिहायची, चार पानं, एकमेकांना न दाखवता, आणि सगळ्यांसमोर आपली आपण वाचायची. वाचताना कोणी मध्ये बोलायचं नाही. मी विचारलं, कशासाठी? पस्तीस वर्षं एका घरात राहून एकमेकांची कथा माहीत नसेल का? सिस्टर म्हणाल्या, "डोंगरात संध्याकाळी साडेसहाला काळोख पडतो आणि दोघंच असता. जे इथे बोलला नाहीत, ते तिथे निघतं. इथेच निघालेलं बरं." मला हे बाळबोध वाटलं. शाळेत निबंध लिहायला देतात तसं.

मी माझी चार पानं एका बैठकीत लिहिली. जन्म, शाळा, गायकवर्ग, लग्न. तिसऱ्या पानावर मुलगी. चौथ्यावर, मी मिशनवर का जाते. खरं कारण लिहिण्यासारखं नव्हतं, म्हणून जे त्यातल्या त्यात खरं होतं ते लिहिलं: माझ्या पतीने आमच्या मुलीला रिकाम्या हाताने जाऊ दिलं नाही, त्याबद्दल देवाचं देणं लागते, ते फेडायला जाते. वाचून पाहिलं. अक्षर चांगलं आलं होतं. नवरा मात्र तीन आठवडे लिहीत होता. मागच्या पडवीत बसायचा, दोन ओळी लिहून कागद दुमडून शर्टाच्या खिशात ठेवायचा. मी चिडवायचेसुद्धा, की दहावीला एवढा अभ्यास केला असतास तर साहेब झाला असतास.

त्या शनिवारी आधी तुळिंजवाल्यांनी वाचलं. त्याने दारूबद्दल लिहिलं होतं, तिने त्याच्या दारूबद्दल, आणि दोघं रडून हसून मोकळी झाली. मग माझ्या नवऱ्याने चष्मा लावला. लहानपण वाचलं, बापाची होडी, पहिला पगार. मग मुलीचं आलं तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं, कारण त्याचा आवाज वर गेला होता. तो खांबावरून खाली बोलायचा तसा.

त्याने लिहिलं होतं: जानेवारीतली सकाळ होती. डॉक्टर बायकोपाशी होते. नर्सने बाळ कापसात गुंडाळून माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, गाडी येतेय, मुंबईला न्यावं लागेल, तोवर धरून बसा. बाळ श्वास घेत होतं, पण मधेच थांबायचं. मला कळलं की बाप्तिस्मा द्यायला हवा. कोपऱ्यात नळ होता. मी पाण्याखाली बोटं धरली तर पाणी फार गार होतं. एवढ्याशा जिवाच्या डोक्यावर ते ओतायचं मला होईना. मी आयाबाईंना म्हटलं, थोडं कोमट पाणी द्या. त्यांनी स्टोव्ह पेटवायला घेतला. स्टोव्हची पिन अडकली होती. त्या पाणी घेऊन आल्या तेव्हा बाळ गेलं होतं. दार उघडलं तर समोर आई उभी होती. तिने विचारलं, पाणी लावलंस? तिची दोन बाळं भिंतीकडेला होती. मी हो म्हणून मान हलवली.

पुढे त्याने लिहिलं होतं की आईने फादरना सांगितलं, फादरनी वहीत नाव घातलं, आणि नंतर त्याला ते फिरवता आलं नाही. आधी आई होती म्हणून. मग मी वर्गात मुलांना सांगायला लागले म्हणून. "मी मिशनवर जातो," असं शेवटचं वाक्य होतं, "कारण माझ्यावर एक काम आलं होतं आणि माझ्याकडून ते झालं नाही." मग त्याने कागद दुमडून परत खिशात ठेवला.

बाहेर केळीत कोणीतरी पाइपने पाणी सोडत होतं. थोड्या वेळाने तरुण फादर घसा साफ करून म्हणाले की चर्च आज अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतं, काळजीचं कारण नाही. मी म्हटलं, "फादर, मला माहीत आहे, तो धडा मी शिकवलाय." ते लाल झाले. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तुमचं वाचन पुढच्या शनिवारी घेऊ.

परतताना स्कूटरवर मी त्याच्या खांद्याला धरलं नाही. मागची सळई धरून बसले. मला राग आलाय का, हे मी चाचपून बघत होते, जशी जीभ बधिर झालेल्या दातावरून फिरवून बघतो. राग नव्हता. दुःखही नव्हतं. एवढंच कळत होतं, की माझ्याकडे एकच पक्की गोष्ट होती आणि आता तीही नाही. घरी येऊन मी भात लावला, कालवण गरम केलं, आम्ही जेवलो. तो म्हणाला, "काहीतरी बोल." मी म्हटलं, मीठ कमी झालंय का?

रविवार, सोमवार असेच गेले. मी कामं केली. मिशनवर न्यायची भांडी खोक्यात भरली होती, ती बाहेर काढून फडताळात लावली, मग परत खोक्यात भरली. सिस्टरांना काय सांगायचं हे मला ठरवायचं होतं. जायचं कारण म्हणून मी जे लिहिलं होतं ते खोटं ठरलं होतं, आणि न जाण्याचं कारण म्हणून काही सुचत नव्हतं.

मंगळवारी सकाळी तो बंदरावर गेला होता. लिलाव संपत आला होता, बायका टोपल्या उचलत होत्या. मी मागोमाग गेले. आपण होऊन त्याच्यामागे जायची माझी सवय नाही, त्यामुळे मला बघून तो उठून उभाच राहिला. मी म्हटलं, बस. आम्ही धक्क्याच्या कडेला बसलो.

"किती वेळ होती?" मी विचारलं.

त्याला लगेच कळलं. "स्टोव पेटंपर्यंत. वीस मिनिटं असेल. जास्तच."

"आणि तेवढा वेळ तू काय करत होतास?"

"धरून बसलो होतो."

"कुठे?"

त्याने डावा हात पुढे केला, पंजा आणि मनगटाच्या वरचा थोडा भाग. "इथं. एवढीच होती."

"मला वाटायचं, ट्रेमध्ये ठेवली असेल," मी म्हटलं. "स्टीलच्या. मी एकतीस वर्षं ट्रेच बघतेय."

"नाय गं." तो माझ्याकडे वळला. "खाली ठेवलीच नाय मी तिला. आया म्हनाली पन, ठेवा म्हनून. नाय ठेवली."

एक बाई टोपली घेऊन आमच्यामधून जायला बघत होती. आम्ही पाय बाजूला घेतले. ती गेल्यावर मी विचारलं, "डोळे उघडले होते तिने?"

"एकदा."

"कसे होते?"

तो समुद्राकडे बघायला लागला. मला दिसत होतं, तो शोधतोय. तो म्हणाला असता, तुझ्यासारखे, तर मी ते घेऊन घरी गेले असते आणि मरेपर्यंत जपलं असतं. त्यालाही ते कळत होतं.

"आठवत नाय," तो म्हणाला. "खरंच आठवत नाय गं."

मला ते खरं वाटलं. आम्ही घरी आलो. येताना मी नेहमीसारखी त्याच्या पुढे चालत नव्हते.

पुढच्या शनिवारी मी माझी पानं नेली. तिसऱ्या पानावर मुलगी येईपर्यंतचं वाचलं. मग कागद मांडीवर ठेवला आणि म्हटलं, पुढचं चुकीचं आहे, तोंडी सांगते. माझ्या मुलीला बाप्तिस्मा मिळाला नाही. पाणी गार होतं आणि तिच्या बापाला वाटलं तिला ते सोसायचं नाही. ती ट्रेमध्ये गेली नाही, हातावर गेली. नवरा माझ्या शेजारी मान खाली घालून बसला होता. तुळिंजवालीने नवऱ्याचा हात घट्ट धरला होता आणि या वेळी ती हसत नव्हती.

सिस्टर म्हणाल्या, "मग आता सांगा. वसतिगृहाचं काय करू? फादरना काय कळवू?"

मी म्हटलं, "याला पाठवा. याच्या हातात चाळीस मुलं बिनघोर देता येतील. मी खात्रीने सांगते."

"आणि तुम्ही?"

मला सांगायचं होतं की मी स्वयंपाक करीन, पाढे घेईन, उवा काढीन, कुठे कमी पडू देणार नाही. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"मी तिला घेतलंच नाही, सिस्टर," मी म्हणाले. "मला एकदाही नाही दिली कोणी."

आणि मग मी रडायला लागले, एवढ्या मोठ्याने, की वाडीत पाणी सोडणारा माणूस पाइप टाकून दारात आला.